तेल पिवळे दिसले की

खंडेनवमीला सकाळी साडेअकराला कारखान्यातला काचेचा खांब फुटला. माझे पती खांबासमोर उभे होते. ते त्याच दिवशी गेले. खांबाला माळ मी घातली होती.

एवढे लिहायला मला पुष्कळ वर्षे लागली. बाकीचे आता क्रमाने लिहिते.

पुण्यात पूर आला त्याच्या दुसऱ्या वर्षी आमचे लग्न झाले. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकले होते आणि जोडीला दोन वर्षे जर्मन. माहेरचे घर नदीजवळ होते. पुरात खालचा मजला गेला. माझा जर्मन शब्दकोश चिखलातून निघाला, तो वाळल्यावर दुप्पट जाड झाला. पाने सुरीने सोडवावी लागत. लग्नानंतर लोणावळ्याला आले ती तो कोश ट्रंकेत घालूनच. माझे पती हसले होते. "बाकीच्यांच्या बायका लोणच्याची बरणी आणतात," ते म्हणाले. पण त्यांना त्या कोशाची गरज माझ्याआधी लागली.

ते मळवलीजवळच्या एका लहान कारखान्यात केमिस्ट होते. रुळांपलीकडे भाताची खाचरे संपतात तिथे तीन पत्र्याच्या शेड होत्या. मालकाला सगळे शेठ म्हणत. शेठला कुणीतरी सांगितले होते की युद्धाच्या काळात जर्मन लोक खनिज तेलापासून साबणासारखा पदार्थ करीत. त्याने चामडे मऊ होते आणि सूत नीट भिजते. शेठने गिऱ्हाईक आधी शोधले आणि मग माझ्या पतींना म्हणाला, "आता हे करून दाखवा."

पुण्याच्या एका ग्रंथालयातून त्यांनी त्या पद्धतीचा जर्मन अहवाल हाताने उतरवून आणला. स्वतःला जर्मन येत नसताना अक्षर अक्षर पाहून सत्तर पाने उतरवली. मी स्वयंपाकघरात पाटावर बसून त्याचे मराठी केले, पावसाळाभर. लोणावळ्याच्या पावसात काडेपेटीही पेटत नाही. वहीची पाने ओली राहत आणि शाई पसरे. रोज दोन पाने. ते जेवताना वाचीत.

ते तेल कसे असते हे सांगितले पाहिजे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि ते कशाशीच जोडले जात नाही. कार्बनच्या लांब साखळ्या, आणि प्रत्येक कार्बनला हायड्रोजन गच्च धरून बसलेले. आम्ल ओता, कॉस्टिक ओता, उकळा, ते होते तसेच राहते. असल्या तेलातल्या कार्बनला गंधक जोडायचे होते.

"तुझ्यासारखे आहे," ते मला म्हणत. मी कमी बोलते म्हणून. "चार तास बसले तरी शब्द नाही. काही जोडायचे तर आधी काहीतरी तोडावे लागणार."

एकदा त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल एकदम हिसकावली. मनगट दुखले. "हा क्लोरीन. पेन्सिल तुझा हायड्रोजन. आता हात रिकामा. काय करशील?" मी चिडून जवळचा कोश उचलला. "हां! तो गंधक," ते म्हणाले.

खरोखर तसेच होते. तेलातून क्लोरीन आणि गंधकाचा वायू असे दोन्ही बुडबुड्यांनी सोडायचे आणि त्यावर पाऱ्याच्या दिव्याचा उजेड टाकायचा. उजेडाने क्लोरीनचे दोन तुकडे होतात. एक तुकडा कार्बनवरचा हायड्रोजन ओरबाडून नेतो. उघडा पडलेला कार्बन तसा राहू शकत नाही, तो शेजारच्या गंधकाच्या वायूला धरतो. त्या जोडाला पुन्हा क्लोरीन लागतो, तो दुसऱ्या क्लोरीनला फोडून त्यातला अर्धा घेतो, आणि उरलेला अर्धा पुढच्या हायड्रोजनवर तुटून पडतो. एक मारामारी संपते तिथे दुसरी सुरू होते. सगळे थंड पाण्याच्या वेटोळ्यात, गुपचूप, बाहेरून पाहिले तर नुसते बुडबुडे.

अंधारात मात्र काहीच होत नाही. क्लोरीन येत राहतो आणि तेलात साठतो. त्याविषयी अहवालात एक परिच्छेद होता. माझ्या वहीत तो असा आहे: "दिवा विझल्यास क्लोरीन न वापरला जाता तेलात साठतो व रंगहीन तेल पिवळे दिसू लागते. अशा वेळी क्लोरीन तत्काळ बंद करावा. साठलेला क्लोरीन घालवल्याशिवाय दिवा लावू नये. लावल्यास साठलेला सर्व क्लोरीन एकदम वापरला जाऊन पात्र फुटण्याचा संभव असतो."

हे वाचून माझ्या पतींनी मला पाटी लिहायला लावली. माझे अक्षर शाळेतल्या फळ्यासारखे होते. फळीला काळा रंग देऊन पांढऱ्या रंगाने मी लिहिले: तेल पिवळे दिसले की क्लोरीन बंद. मग दिवा बंद. मग साहेबांना हाक.

ती पाटी ज्याच्यासाठी होती त्याला आम्ही भाऊ म्हणत असू. खांबावर तो काम करी. मळवलीच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथला. तिशीचा, काटक, चौथीपर्यंत शिकलेला. पाटी त्याने मोठ्याने वाचली, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून, आणि मला म्हणाला, "बाई, शेवटचं राहिलं की."

"काय राहिले?"

"मग पळा."

माझे पती इतके हसले की त्यांना ठसका लागला. भाऊ हसला नाही. तो असाच बोलायचा, तोंड गंभीर ठेवून.

खांब म्हणजे काचेचा उभा नळ, दीड पुरुष उंच, मांडीएवढा जाड. दिव्याचा उजेड डोळ्यांना वाईट म्हणून खांबाला आणि दिव्याला मिळून पत्र्याचा डगला केला होता. डगल्याला वीतभर खिडकी होती, तिला जाड काच. आत काय चालले आहे हे कळायला तेवढीच जागा. खिडकीच्या वर, शेडच्या लाकडी मेढीला खिळा मारून माझी पाटी टांगली होती.

वीज खोपोलीला तयार व्हायची आणि आमच्या डोक्यावरून मुंबईला जायची. मळवलीला उरलीसुरली यायची, तीही पावसाळ्यात उचक्या देत. पाऱ्याच्या दिव्याची खोड अशी की वीज डोळ्याचे पाते लवेपर्यंत गेली तरी तो विझतो, आणि गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. दहा मिनिटे जातात. मग आपला आपण पेटतो. क्लोरीनला मात्र विजेशी काही देणेघेणे नाही, तो टाकीतून आपल्या जोराने येतच राहतो. त्या दहा मिनिटांत खिडकीशी डोळा असलेला माणूस पाहिजे.

श्रावणात एका दिवशी वीज तीनदा गेली आणि भाऊने तिन्ही वेळा क्लोरीन बंद केला. माल अडला. शेठ शेडमध्ये आला तो भिजलेली छत्री हातात घेऊन. त्याने भाऊला काही विचारले नाही. छत्री उलटी धरून मुठीने त्याच्या खांद्यावर, पाठीवर, मग डोक्यावर मारले. माझे पती मध्ये पडले तेव्हा एक फटका त्यांच्या कोपरावर बसला. रात्री मी ते कोपर शेकत असताना त्यांनी मला हे सांगितले. भाऊच्या कानामागून रक्त येत होते आणि तो एवढेच म्हणत होता, "मारा शेठ. पर पिवळं म्हंजे पिवळं."

त्यानंतर शेठ त्यावर पुन्हा बोलला नाही. पण क्लोरीन बंद केला की काय होते हे शेडमधल्या सगळ्यांना कळले होते, आणि भाऊलाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेठने निरोप पाठवला की पूजेला साहेबांच्या सौभाग्यवतींनी यावे. शेठची बायको माहेरी गेली होती. मी सकाळच्या गाडीने मळवलीला उतरले. ताटात हळदकुंकू, नारळ, पेढे. पाऊस सरला होता, भात निसवून पिवळट झाले होते आणि बांधावरून चालताना सगळीकडे त्याचा वास होता. भाऊच्या दारातली झेंडूची झाडे त्या वर्षी फार लागली होती. त्याच्या बायकोने मनगटाएवढी जाड माळ ओवून दिली होती. तीही आली होती, आणखी पाचसहा कामगारांच्या बायकाही.

शेडमध्ये गेले तर खांब चालू होता. मला बुडबुड्यांचा आवाज आला.

मावळात त्या दिवशी कुणी हत्याराला हात लावत नाही. नांगर, कोयता, विळा, सगळे धुऊन ओळीने मांडतात, हळदकुंकू लावतात आणि दिवसभर विश्रांती देतात. भाऊ माझ्या पतींशी हळू आवाजात बोलत होता. "सायेब, आज आमी कोयता बी उचलत न्हाई. आन ह्येला पळवायचा?"

"शेठना संध्याकाळपर्यंत माल हवा आहे."

"आज ह्याचा बी सण हाय म्हणतो मी."

शेठ मागून आला. नवीन धोतर, कपाळाला गंध. "अरे, बंद मशिनची पूजा तर सगळेच करतात. चालू मशिनची केली तर देवी जास्त पावेल." बरोबर पुण्याचे दोन गिऱ्हाईक होते, ते हसले. "काय साहेब?"

माझे पती हो म्हणाले. त्यांना नाही म्हणता आले असते. त्यांनाही त्या पाहुण्यांना खांब चालताना दाखवायचा होता. मला त्यांचा चेहरा आठवतो, मुलगा पहिला आल्यावर बापाचा होतो तसा.

मी डगल्याच्या पत्र्यावर हळदकुंकवाची बोटे ओढली. तांदूळ लावले. माळ कुठे घालावी हा प्रश्न होता, कारण पत्र्याला कुठे आधार नव्हता. एक खिळा होता, माझ्या पाटीचा. मी माळ त्या खिळ्याला अडकवली आणि दुसरे टोक डगल्याच्या कडीला. मागे होऊन ती सरळ आली का पाहिले. सरळ आली होती. माझी पाटी माळेमागे गेली आणि खिडकीही.

आरती झाली. टाळ्या, घंटा, पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमत होता. शेठचा सूर सगळ्यांच्या वर. नंतर एका बाईने चौकशीला आलेल्या फॅक्टरी इन्स्पेक्टरला सांगितले की आरती चालू असताना बाहेरचा पाण्याचा पंप एकदा थांबून पुन्हा चालू झाला होता, पण तिला वाटले की पंपाला असतेच तसे. वीज गेली आणि आली ती तेव्हा. आतला दिवा तेव्हा विझला.

आरती संपल्यावर भाऊ डगल्याजवळ गेला. फुलांना हात न लावता त्याने दोन फुलांच्या मधून आत पाहिले. एक डोळा मिटून, बराच वेळ.

"सगळं पिवळंच दिसतंय, बाई," तो म्हणाला. "झेंडूचं का आतलं, काय कळंना. माळ सरकवू का जरा?"

बायका माझ्याकडे पाहत होत्या. शेठचे पाहुणे पाहत होते. मी म्हणाले, "पूजेची माळ लगेच हलवू नये, भाऊ. आधी प्रसाद घ्या. मग सरकवू."

तसे काही असते यावर माझा विश्वास नव्हता. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई. पिवळ्याचा परिच्छेद माझ्या हाताने मराठीत आलेला. मी पाचसहा बायकांसमोर शहरातली, देवाधर्माचे न कळणारी दिसू नये म्हणून तसे बोलले. दुसरे काही कारण मी पुष्कळ शोधले, सापडले नाही.

शेठ पाहुण्यांना घेऊन कचेरीकडे गेला. मी ताट घेऊन अंगणात आले. माझे पती आत थांबले, ते नोंदी लिहीत होते. भाऊ दारात घुटमळत होता. मी हाक मारली, "या ना भाऊ." तो आला. त्याने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि मी तिच्यात पेढा ठेवला.

आधी शेडचे दार लख्ख झाले, जसे कुणी आत आरसा फिरवला. मग आवाज. शेडचा एक पत्रा उडाला आणि माझ्या डोक्यावरून मागच्या खाचरात जाऊन पडला. काच पावसासारखी पडली, अंगणभर, बारीक, आणि तिच्यामागून धूर आला. तो धूर खाली बसत होता. पांढरा आणि हिरवट, जमिनीवरून सरपटत, बायकांच्या पायांशी आला तशा त्या किंचाळून पळाल्या. ज्याने तो हुंगला त्याच्या घशात कुणीतरी हात घालून आतले ओढते आहे असे झाले. आत तेल पेटले होते. माळेचे एक टोक जळत बाहेर येऊन पडले.

मी जागची हलले नाही. भाऊ हलला. पेढा टाकून त्याने पाण्याच्या पिंपात सदरा बुचकळला, तोंडाला गुंडाळला आणि आत गेला. क्लोरीनची चावी बंद करायला. ती त्याने बंद केली, हे नंतर सगळ्यांनी मान्य केले. ती केली नसती तर अंगणातलेही कुणी राहिले नसते. मग तो माझ्या पतींना काखेत धरून ओढत बाहेर आला. त्याचे डोळे मिटलेले होते आणि पापण्या भाजून पांढऱ्या झाल्या होत्या. तो दाराच्या चौकटीला दोनदा आपटला.

माझ्या पतींचा चेहरा मी लिहिणार नाही. गळ्यात काच होती. ते शुद्धीवर होते.

त्यांना मालाच्या ट्रकमध्ये घालून दवाखान्याकडे निघालो. रुळांचे फाटक बंद होते. मालगाडी येत होती. ड्रायव्हर खाली उतरून फाटकवाल्याला आईबहिणीवरून शिव्या देत होता, त्याने त्याची गचांडी धरली, फाटकवाला रडकुंडीला येऊन म्हणत होता, "गाडी सोडून दिलीय, कसं उघडू?" गाडी आली. डबे मोजता येतील इतक्या सावकाश जात होती. भाऊने माझ्या पतींचे डोके मांडीवर घेतले होते. त्याला दिसत नव्हते, तो हाताने चाचपून त्यांचे तोंड पुसत होता. "खोकू नका सायेब. खोकू नका." मालगाडीचा शेवटचा डबा गेला तेव्हा ते खोकत नव्हते.

भाऊला पुण्याच्या दवाखान्यात ठेवले. मी बाराव्यापर्यंत घराबाहेर पडले नाही. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसले, लोक आले आणि गेले. मला कुणी काही विचारले नाही. विचारले असते तर मी सांगितले असते असे मला तेव्हा वाटत होते.

तेराव्या दिवशी माझा दीर शेठला भेटून आला. पुण्याचा, तालमीतला, माझ्या पतींपेक्षा सहा वर्षांनी लहान. मोठ्या भावाने त्याला शिकवले, वाढवले. तो दारातच उभा राहिला. "वहिनी, कारण कळलं. कामावरच्या माणसाने खिडकीवर माळ घातली. सणाची प्यायला होता. इन्स्पेक्टरला त्याने दवाखान्यात स्वतः सांगून अंगठा दिलाय, माळ मी घातली म्हणून. परवा त्याला घरी सोडलंय."

मी म्हणाले, "मला घेऊन चला."

त्याला वाटले मला त्या माणसाचे तोंड पाहायचे आहे.

मळवलीहून वाडीपर्यंत चढ आहे. दीर पुढे चालत होता, वाटेत त्याने कुंपणातली एक काठी उपसली. मी मागून चालत होते. तासभर चाललो. त्या तासात मी त्याला चार शब्द सांगू शकले असते. मी प्रत्येक वळणावर ठरवले की पुढच्या वळणावर सांगायचे.

भाऊ ओट्यावर बसला होता. डोळ्यांवर पट्टी. शेजारी त्याचे वडील, म्हातारे आबा, दोरी वळत होते. बायको आत होती.

"माळ कुणी घातली?" दीर म्हणाला.

भाऊने आवाजाकडे तोंड केले. "कोन हाय?"

"साहेबांचा धाकटा भाऊ. माळ कुणी घातली?"

"म्या."

पहिली काठी त्याच्या तोंडावर बसली. तो ओट्यावरून खाली पडला. दिराने त्याला लाथेने उताणे केले आणि मारत राहिला, खांद्यावर, बरगड्यांवर, वर धरलेल्या हातांवर. भाऊ ओरडला नाही. त्याला काठी कुठून येते ते दिसत नव्हते, म्हणून तो प्रत्येक वेळी चुकीच्या बाजूला हात करी. हे मी पाहिले. आबा "आरं मारू नगं, आंधळा हाय त्यो, आरं" म्हणत अंगावर पडले तर त्यांनाही एक बसली. आतून भाऊची बायको कोयता घेऊन धावत आली. तिने तो दिराच्या मानेवर उगारला.

मी किती वेळ गप्प उभी होते हे मला सांगता येत नाही. काठी मोडेपर्यंत तरी नक्की.

"माळ मी घातली," मी म्हणाले.

कुणी ऐकले नाही. माझा आवाज तसा बारीकच. मी पुढे होऊन दिराचा सदरा धरला आणि ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "माळ मी घातली! सरकवू का म्हणून त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं!"

"बाई, गप बसा!" भाऊ जमिनीवरून ओरडला. त्याच्या तोंडातून रक्त येत होते. "येड लागलंय त्यास्नी. ऐकू नगा."

दीर माझ्याकडे वळला. मग त्याने मला मारले. उघड्या हाताने, कानावर, मी ओट्याच्या दगडावर पडले आणि माझा खालचा एक दात तुटला. मग तो तिथेच चिखलात बसला आणि मोठ्याने रडू लागला. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही.

भाऊच्या बायकोने कोयता टाकला. तिने आधी नवऱ्याला उठवले, मग सासऱ्याला, मग मला. एकाच लोट्यातले पाणी आम्हा तिघांना दिले.

"कशाला बोललात?" भाऊ म्हणाला. "माझे डोळे तर गेलेच हाईत. म्या निस्तरलं असतं. तुमाला आता लोकं नवरा खाल्लेली म्हनतील."

"म्हणू देत," मी म्हणाले.

"तुमाला ठावं न्हाई, लोकं लय वाईट असत्यात."

त्याला दारुडा म्हणत होते ते त्याला कळले होते का, मी विचारले. त्याचे तोंड बदलले. आबा म्हणाले, "आमच्या घरात कुनी शिवत बी न्हाई दारूला." भाऊने इन्स्पेक्टरला माळेचे सांगितले होते, दारूचे शेठने आपल्या पदरचे जोडले होते.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले. इन्स्पेक्टर कचेरीत बसून अहवाल पुरा करत होता, शेठ त्याच्या शेजारी. मी उभ्या उभ्या सांगितले. माळ मी घातली. खांब चालू ठेवून पूजा करा असे शेठ म्हणाले. माझे पती हो म्हणाले. भाऊने माळ सरकवण्याची परवानगी मागितली, ती मी दिली नाही. तो प्यायलेला नव्हता. मी त्याच्या ओंजळीत पेढा ठेवला तेव्हा त्याचे तोंड माझ्यापासून हातभर होते.

"बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय," शेठ इन्स्पेक्टरला म्हणाला.

मी म्हणाले की पाटी आणा. जळालेल्या शेडमधून निघालेले सामान कोपऱ्यात रचले होते, त्यात ती होती. मी ती टेबलावर ठेवली. पाटीच्या भोकाला माळेचा दोरा अजून गुंतलेला होता. "हे अक्षर माझे आहे," मी म्हणाले. "हे कुणी झाकले ते मला माहीत आहे."

शेठने पाटी उचलून भिंतीवर फेकली. तिचा कोपरा फुटून इन्स्पेक्टरच्या पायाशी पडला. "माझा कारखाना गेला!" तो ओरडत होता. "आणि ही बया मला शिकवते!" तो माझ्या अंगावर आला, पण इन्स्पेक्टर उठून मध्ये उभा राहिला. तो वयस्कर माणूस होता. त्याने माझे म्हणणे लिहून घेतले, मला वाचून दाखवले. मी सही करण्याआधी विचारले की दारूचा शब्द कुठे आहे. त्याने पान उलटून दाखवला. त्यावर त्याने दोन आडव्या रेघा मारल्या. मग मी सही केली आणि पाटी उचलून निघाले.

भाऊ म्हणाला होता तसे झाले. बाजारात बायका बाजूला होत. कुणीतरी माझ्या खिडकीवर दगड मारला, दोनदा. काच मी दुसऱ्यांदा बसवली नाही, पुठ्ठा लावला. सासरचे दार बंद झाले. मी लोणावळ्याच्याच शाळेत विज्ञान शिकवू लागले आणि निवृत्त होईपर्यंत शिकवले. शेठने कारखाना पुन्हा उभा केला नाही.

भाऊच्या एका डोळ्याला पुढे उजेड आणि अंधार एवढे कळू लागले. रंग कळत नसत. मी वर्षातून दोनतीनदा वाडीवर जात असे. आम्ही ओट्यावर बसत असू. एकदा त्याने विचारले, "बाई, त्ये तेल खरंच झालं व्हतं का, गंधक जोडलेलं?" मी म्हणाले, अकरा वाजेपर्यंत चांगले होत होते. नोंदवही अर्धी जळाली, पण अकराची नोंद वाचता येते.

"सायबांना म्हाईत व्हतं म्हंजे," तो म्हणाला.

भाऊ चार वर्षांपूर्वी वारला. आबा त्याच्या कितीतरी आधी. भाऊची बायको आहे. झेंडू ती अजून लावते. माझी भाषांतराची वही आहे, कोश आहे. पिवळ्याचा परिच्छेद मी जर्मनशी पुन्हा ताडून पाहिला. भाषांतर बरोबर आहे. पाटी माझ्या खोलीत दारामागे आहे. एक कोपरा नाही. अक्षरे सगळी वाचता येतात.